पहिली आज्ञा कोणाची? बायोस ते यूईएफआय

१/१२
संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स पडद्यावर येईपर्यंतच्या काही सेकंदांत यंत्रावर तिसऱ्याच कोणाची तरी सत्ता असते. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेला हा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. तो कोणी लिहावा, कोणी वाचावा आणि कोणी बदलावा, या झगड्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
‘बायोस’ हे नाव गॅरी किल्डॉल यांचे. १९७०च्या दशकाच्या मध्यास ‘सीपी/एम’ ही ऑपरेटिंग सिस्टिम रचताना त्यांनी यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळा काढला व त्यास ‘बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टिम’ म्हटले. नव्या यंत्रासाठी तेवढाच भाग पुन्हा लिहावा लागे. बायोसचा जन्म मुळात अशा विभागणीतूनच झाला.

३/१२
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. खास आयबीएमचा असा महत्त्वाचा भाग म्हणजे रॉममधील बायोस. कंपनीने त्याची संहिता तांत्रिक पुस्तिकेत छापली, परंतु स्वामित्वहक्क राखून. वाचण्यास मुभा, नकलेस मनाई!

४/१२
कॉम्पॅकने यावर तोड काढली. एका गटाने बायोस काय करतो याचे केवळ वर्णन लिहायचे. मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस घडवायचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक पोर्टेबल जाहीर झाला. १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने अशाच रीतीने घडवलेला बायोस इतर उत्पादकांना विकण्यास काढला आणि आयबीएमची तटबंदी ढासळली.

५/१२
या विजयाची किंमत मात्र मोठी होती. ‘आयबीएमशी सुसंगत’ ठरायचे तर १९८१ च्या मर्यादाही हुबेहूब उचलणे भाग होते : १६-बिटी पद्धत, १ मेगाबाइटची चौकट आणि डिस्कवरील पहिल्या ५१२ बाइटांपासून आरंभ. पुढे त्याच ५१२ बाइटांत बसवलेल्या विभाजन-तक्त्यामुळे डिस्कचे चारच मुख्य भाग पडत आणि सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा हाती लागत नसे.

६/१२
प्रोसेसर ३२ बिटांचे झाले, मग ६४ बिटांचे झाले. तरी आरंभीची ती काही सेकंदे ८०८८ च्याच काळात अडकून राहिली. प्रत्येक नव्या उपकरणासाठी जुन्या गोधडीला नवे ठिगळ लागत गेले.

७/१२
दुसरा धोका २६ एप्रिल १९९९ रोजी उघड झाला. सीआयएच अर्थात ‘चेर्नोबिल’ व्हायरसने अनेक संगणकांच्या फ्लॅश चिपमधील बायोसच पुसून टाकला. असे यंत्र सुरूच होईना. फर्मवेअर बदलता येणे सोयीचे खरे; पण ते बदलणारा कोण, हे तपासणारे कोणीच नव्हते.

८/१२
बदलाची निकड इटेनियममुळे निर्माण झाली. इंटेल व एचपी यांच्या या ६४-बिटी प्रोसेसरला १६-बिटी वारसा परवडणारा नव्हता. १९९८ मध्ये इंटेलने ‘इंटेल बूट इनिशिएटिव्ह’ हाती घेतले. तेच पुढे ‘ईएफआय’ झाले. इटेनियम बाजारात फिका पडला, पण त्याच्यासाठी घडवलेला हा पाया टिकला.

९/१२
ईएफआयचे मर्म रचनेत आहे. एकसंध प्रोग्रामऐवजी स्वतंत्र मॉड्यूल : मेमरी जागी करणारे निराळे, डिस्कचे निराळे, नेटवर्कचे निराळे. प्रत्येकाने ठरलेल्या करारानुसार बोलायचे. मोठा भाग असेंब्लीऐवजी सी भाषेत. सोबत आलेल्या ‘जीपीटी’ तक्त्याने डिस्कची जुनी मर्यादाही संपवली.

१०/१२
२००५ मध्ये हे मानक अनेक कंपन्यांच्या ‘यूईएफआय फोरम’कडे गेले. २००६ च्या जानेवारीत ॲपलने इंटेल प्रोसेसरचे पहिले मॅक आणले तेही ईएफआय घेऊनच. २०१२ च्या विंडोज ८ नंतर सामान्य पीसीवरही बायोसची सद्दी संपत गेली.

११/१२
दरम्यान १९९९ मध्येच अमेरिकेतील लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी वेगळी वाट धरली होती. शेकडो संगणकांच्या समूहात प्रत्येक यंत्राला कीबोर्ड व पडदा जोडून बायोसची मनधरणी करणे अशक्य होते. म्हणून त्यांनी मुक्त संहितेचा ‘लिनक्सबायोस’ सुरू केला. २००८ मध्ये त्याचे नाव ‘कोअरबूट’ झाले. तो हार्डवेअर जागे करतो व पुढील काम ‘पेलोड’ नामक स्वतंत्र भागाकडे सोपवतो. क्रोमबुकांमध्ये तोच नांदतो.

१२/१२
यूईएफआयमधील ‘सिक्युअर बूट’ सही नसलेला प्रोग्राम आरंभी चालूच देत नाही. सीआयएचने उघड्या पाडलेल्या ‘कोण?’ या प्रश्नाचे एक उत्तर त्यात दिसते. परंतु बहुतेक पीसींवर ज्या किल्लीची सही ग्राह्य धरली जाते ती मायक्रोसॉफ्टची. त्यामुळे लिनक्सच्या प्रमुख वितरणांनाही त्या कंपनीकडून सही केलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम वापरावा लागतो. १९८१ मध्ये संहिता सर्वांसमोर होती, हक्क एका कंपनीचा. आज मानक सर्वांसमोर आहे, किल्ली मोजक्यांच्या हाती. रचना सुटी झाली म्हणून सत्ता वाटली जातेच असे नाही.