पुसलेले अनुस्वार

माझे मामा सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवत. पाटीला ब्रश लावण्यापूर्वी ते अक्षरे वहीत पेन्सिलीने काढून बघत. शिरोरेषा किती जाड, ‘ग’ची गाठ केवढी, काना कुठे थांबवायचा, हे सगळे तिथे ठरे. अशा चार वह्या मी २०११ साली स्कॅन केल्या, संगणकावर अक्षरांच्या कडा ‘स्वच्छ’ करून घेतल्या आणि जागा अडते म्हणून मूळ स्कॅन काढून टाकले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात मामांच्या घरात पाणी शिरले आणि वह्या गेल्या. उरले ते माझे स्वच्छ काम.

गेल्या वर्षी एका जुन्या सीडीवर त्यातल्या अकरा पानांचे मूळ स्कॅन सापडले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्याच पानावर ‘रंग’चा ‘रग’ झालेला. अनुस्वार मीच पुसला होता.

अक्षरकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून जे वाचले, विचारले, तेवढेच. पण हा अनुस्वार नेमका कुठल्या पायरीवर गेला, हे शोधताना कागदावरचे अक्षर यंत्रात कसे शिरले याचा इतिहास हाती लागत गेला.

हाताच्या अक्षराला पुन्हा पुन्हा वापरता येईल असे नेटके रूप देण्याचे काम संगणकाच्या कितीतरी आधीचे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देखण्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांची कारागिरी होती. या धंद्यात पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरत, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करत आणि साच्यात धातूचा रस ओतून खिळा पाडत. बोरूची कुठली लकब ठेवायची आणि कुठली घासून टाकायची, हे कोरणारा ठरवी. साफसफाई तेव्हाही होती, पण ती अक्षर वाचू शकणाऱ्या माणसाच्या हातात होती.

संगणकाने सुरुवातीला हा माणूस काढला नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे पीटर कारोव्ह यांनी १९७०च्या दशकात ‘इकारस’ ही प्रणाली तयार केली. त्यात मोठ्या आकारात काढलेले अक्षर एका विद्युत पाटीवर चिकटवत आणि फुलीची खूण असलेले भिंग त्याच्या कडेवरून फिरवत, जागोजागी बटण दाबत. प्रत्येक बिंदूची जातही सांगावी लागे: हा सुरुवातीचा, हा कोपऱ्याचा, हा वळणावरचा, हा सरळ रेषा वळणाला मिळते तिथला. थोडक्यात, कोपरा कुठे आहे हे माणूस यंत्राला सांगत होता.

वळणांचे पुढे रूढ झालेले गणित मोटारींच्या कारखान्यांतून आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ साली आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात गाडीच्या पत्र्याचे बाक मोजक्या बिंदूंत बांधण्याची रीत शोधली. हीच वळणे १९८४च्या ‘पोस्टस्क्रिप्ट’मध्ये आणि १९८७च्या ‘इलस्ट्रेटर’मध्ये आली. स्कॅन केलेले चित्र मागे फिकट ठेवायचे आणि वरून बिंदू रोवत रेषा ओढायची. इथेही गिरवणारा माणूसच.

आपल्याकडे कवी म्हणून परिचित असलेले र. कृ. जोशी याच वाटेवरचे. जाहिरातक्षेत्रातून ते पवईच्या आयआयटीत अध्यापनाला गेले, तिथून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. सुलेखनात मुरलेला माणूस संगणकाजवळ बसला, हे त्यातले महत्त्वाचे.

मी मात्र सोपी वाट धरली. ‘इंकस्केप’ या मोफत प्रणालीत चित्राची कड आपोआप शोधण्याची सोय आहे. तिच्यामागे पीटर सेलिंजर यांचे ‘पोट्रेस’ आहे. त्याची पद्धत त्यांनी २००३ साली लिहून प्रसिद्ध केली. ते केवळ काळे आणि पांढरे ओळखते. काळ्या-पांढऱ्याची सीमा शोधते, तिच्यावर बहुभुज आकृती बसवते, मग कुठे वळण द्यायचे आणि कुठे कोपरा ठेवायचा हे गणिताने ठरवते. बारीक ठिपके धूळ समजून टाकून देते. त्याची मर्यादा मुळात दोन पिक्सेलची असते. वह्यांवर बुरशीचे डाग होते, म्हणून मी ती शंभरावर नेली. मामांची लहान अक्षरे पाच मिलिमीटर उंचीची. माझ्या ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये ती साठ पिक्सेल भरली. त्यांवरचा अनुस्वार आठ पिक्सेल रुंद, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम पन्नास. डागांबरोबर तोही गेला. रोमन लिपीत ‘आय’वरचा ठिपका गळला तरी शब्द वाचता येतो. आपल्याकडे ठिपका गेला की ‘वंश’चा ‘वश’ होतो.

दुसरे नुकसान याहून मोठे. काळे-पांढरे करताना पेन्सिलीच्या फिकट रेघा पांढऱ्यात जमा झाल्या. अकरा पानांपैकी एकावर ‘वस्त्र भांडार’ ही अक्षरे आहेत. त्यांची शिरोरेषा बेताहून जाड दिसली, तेव्हा मामांचा हात घसरला असे समजून मी ती बारीक केली होती. मूळ स्कॅनमध्ये तिच्याखाली दुसरी, बारीक शिरोरेषा पेन्सिलीने आखून खोडलेली आहे आणि समासात मामांनी लिहिले आहे: ‘उंचावर. माथा जाड.’ पाटी दुसऱ्या मजल्यावर लागणार होती. खालून बघणाऱ्याला अक्षराचा वरचा भाग दबलेला दिसतो, म्हणून त्यांनी तो मुद्दाम जाड केला होता. मी दुरुस्त केली ती चूक नव्हती, हिशेब होता.

ज्यांच्या घरी अशा वह्या, चिठ्ठ्या, नक्षीचे कागद आहेत, त्यांनी साफसफाईआधी एक करावे. काळा-पांढरा नव्हे, रंगीत स्कॅन करावा, ६०० डीपीआयवर. तो दोन ठिकाणी ठेवावा आणि त्याला हात लावू नये. स्वच्छ प्रत त्याच्या नकलेवरून करावी आणि काय काढले, काय बदलले, तेही टिपून ठेवावे.

ती अकरा पाने मी आता हाताने, एकेक बिंदू रोवत पुन्हा उतरवली आहेत. ‘वस्त्र भांडार’चा माथा पुन्हा जाड केला आहे. उरलेल्या पानांत अंदाजाने अनुस्वार भरले नाहीत. त्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे एवढेच लिहिले आहे: ‘मूळ नाही. ठिपके गेलेले.’