पडद्याचं कापड आणि लंडनची दंगल

आजचा विषय तुमच्या खिडकीत लटकलेला आहे. पडदा!

नवीन घर घ्या किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जा, पडद्यांचा प्रश्न येतोच. कॉटन घ्यायचं की पॉलिएस्टर? धुतल्यावर रंग जाईल का? फिकट कापडावर फुलं बरी दिसतील की गडद कापडावर? आता ऐका. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या घराघरांतही असेच प्रश्न विचारले जात होते, आणि त्यांची उत्तरं जहाजात भरून आपल्याकडून जात होती. त्या कापडावरून पुढे कायदे झाले आणि दंगलीही झाल्या.

कापडाचं नाव चीट. चिटाचा परकर, चिटाचं पोलकं हे शब्द घरातल्या आजीच्या तोंडी तुम्ही ऐकले असतील. फुलापानांची नक्षी असलेलं रंगीत सुती कापड. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द याच घराण्यातला. सॅम्युअल पेप्स नावाच्या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याने 1663 साली आपल्या डायरीत नोंद केली आहे, की बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला त्याने ‘चिंट’ विकत घेतलं. चिंटचं अनेकवचन चिंट्स, आणि त्याचंच पुढे चिंट्झ झालं.

पण इंग्रजांना हे कापड एवढं का आवडलं? तेव्हा त्यांच्याकडे पडद्यासाठी काय होतं बघा. लोकर जाड, धुवायला कटकट. रेशीम महाग. लिननवर रंग नीट चढत नसे, आणि त्यांची छपाई पाण्यात टिकत नसे. चीट मात्र धुवा, पुन्हा लटकवा, फुलं जशीच्या तशी. कोणालाही हे जादूच वाटणार.

ही जादू म्हणजे रसायनशास्त्र होतं, आणि त्यातलं बरंचसं सामान तुमच्या स्वयंपाकघरात आणि आजीबाईच्या बटव्यात सापडेल. मच्छलीपट्टणच्या आसपासचे कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे. दुधातल्या स्निग्धतेमुळे कलमाची रेघ पसरत नसे. जिथे लाल हवं तिथे तुरटीचं पाणी लावायचं. गंमत म्हणजे तुरटी स्वतः रंग देत नाही, ती रंगाला धाग्याशी बांधून ठेवते. मग एका झुडपाच्या मुळांच्या रंगात अख्खं कापड उकळलं, की तुरटी लावलेला भाग पक्का लाल होतो. काळ्यासाठी लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. निळ्यासाठी बाकी सगळा भाग मेणाने झाकायचा आणि कापड निळीत बुडवायचं. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. मध्ये मध्ये धुणं आणि उन्हात वाळवणं चालूच. एका चांगल्या पडद्यामागे अशी कित्येक दिवसांची मेहनत असायची.

गिऱ्हाइकांच्या मागण्याही आजच्यासारख्याच होत्या. 1643 साली ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून सुरतेच्या वखारीला कळवलं, की गडद लाल जमीन आमच्याकडे चालत नाही, पांढरी जमीन जास्त ठेवा आणि फुलं त्यावर रंगवा. कापडातली ‘जमीन’ म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग. म्हणजे लंडनच्या माणसाची आवड ऐकून आपला कारागीर नक्षी बदलत होता.

मग माशी शिंकली. चीट एवढं खपू लागलं, की तिकडचे विणकर रिकामे बसायला लागले. फ्रान्सने 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडने 1700 च्या कायद्याने आशियातून येणाऱ्या छापील कापडाचा वापर बंद केला. व्यापाऱ्यांनी पळवाट काढली: कोरं कापड भारतातून आणायचं आणि लंडनमध्ये छापायचं. 1719 मध्ये विणकरांचा संयम सुटला. त्यांनी रस्त्यात चिटाचे कपडे घातलेल्या बायकांवर शाई आणि तेजाब फेकलं. 1721 मध्ये आणखी कडक कायदा आला, आणि त्याने अंगावरच्या कपड्यांसोबत घरातल्या सजावटीचं चीटही पकडलं.

तरी लोक मागवत होतेच. डेव्हिड गॅरिक हा त्या काळचा लंडनचा सुपरस्टार नट. त्याच्या घरातल्या पलंगासाठी मच्छलीपट्टणचे पडदे आले आणि 1775 च्या सुमारास कस्टमवाल्यांनी जप्त केले. ते सोडवायला या सुपरस्टारला सरकारी अधिकाऱ्याला विनवणीचं पत्र लिहावं लागलं! आज तो पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

बंदीच्या आडोशाने युरोप शिकत होता. चोळमंडल किनाऱ्यावरच्या कर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने स्थानिक रंगाऱ्यांकडून कृती विचारून घेतली आणि 1742 मध्ये टप्प्याटप्प्याने लिहून मायदेशी पाठवली. पुढे यंत्रं आली. 1774 मध्ये इंग्लंडने स्वतःच्या छापील सुती कापडावरची बंदी उठवली. एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटा फिरला आणि मँचेस्टरचं स्वस्त कापड आपल्या बाजारात भरलं. यावेळी रिकामा बसला तो आपला विणकर. 1905 साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली.

मला ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. 1719 चा लंडनचा विणकर आणि 1905 चं पुणं. राग एकाच गोष्टीचा: माझ्या हाताचं काम गेलं. पण एक फरक विसरू नका. लंडनच्या विणकराच्या मागे त्याचं सरकार उभं राहिलं. आपल्या विणकराच्या डोक्यावर जे सरकार होतं, ते मँचेस्टरचं ऐकणारं होतं. स्वस्त आणि महाग हे फक्त बाजार ठरवतो असं कोणी म्हणालं, तर त्याला या पडद्याची गोष्ट सांगा.

आता तुमच्या खिडकीकडे येऊ. पॉलिएस्टर घेतलंत तर काही पाप नाही. ते लवकर वाळतं आणि त्याला इस्त्री कमी लागते. पण ‘कलमकारी’ म्हणून जास्त पैसे मोजणार असाल, तर नीट बघा. त्या नावाने स्क्रीन प्रिंटही सर्रास विकलं जातं. हाताने ठसा उठवला असेल, तर कुठेतरी जोड किंचित हललेला दिसतो. ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर घासा. रंग रुमालावर आला, तर तो धाग्याला नीट बांधलेला नाही. पडद्यावर थेट ऊन येत असेल, तर मागे अस्तर लावून घ्या.

मच्छलीपट्टणजवळच्या पेडणा गावात आजही लाकडी ठशांनी कलमकारी छापली जाते. तिथला पडदा घेतलात, तर किंमत विचारताना ‘एवढं महाग?’ म्हणायच्या आधी तो हिरडा, ती तुरटी आणि ते उन्हात वाळवणं आठवा. मग खुशाल घासाघीस करा!

तुमच्या घरातल्या कोणत्या कापडाची गोष्ट ऐकायला आवडेल? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.