शाळा लेकरांच्या शोधात

नरपडच्या शेजारी, बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर आले. आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शाळाच कुरणावर गेली. हीच ती कुरणशाळा! या भगिनी ख्रिस्ती नव्हत्या. तरी हरवलेल्या मेंढराला शोधणारा मेंढपाळ आम्हांला येथे आठवतो.

संविधानाच्या २८ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही बालकावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. मग ख्रिस्ती मूल्ये रुजावीत कशी? गैरहजर लेकराच्या झोपडीपर्यंत शिक्षकाची पावले पोहोचावीत. प्रार्थना आपण घरी व देवळात शिकवू; शाळेत मात्र ती आपल्या वागण्यातून दिसू द्या.