सेरेनेड

प्रेयसीच्या खिडकीखाली सांजवेळी गायिलेले आर्जवी गीत. मूळ इटालियन शब्द ‘सेरेनाता’. त्यातील ‘सेरेनो’ म्हणजे निरभ्र, शांत. ‘सेरा’ म्हणजे संध्याकाळ, या शब्दाच्या जवळिकीने अर्थ रात्रीकडे झुकला. पुढे खिडकी सुटली, वाद्यरचना उरली. मोझार्टची १७८७ मधील तंतुवाद्यांची रचना याच जातीची. मराठीत नेमका प्रतिशब्द रुळलेला नाही. ‘सांध्यगीत’ जरा सोवळेच वाटते. गोव्याचा मांडो हे घुमट-व्हायोलिनच्या साथीचे कोकणी प्रेमगीत जवळचे. पण तो खिडकीखाली नव्हे, दिवाणखान्यात नाचत गायिला जाई. विदर्भात हे आर्जव सुरेश भट (१९३२–२००३) यांच्या गझलेत सापडते. तिथे खिडकी नसते, मैफल असते.