खोटे पुस्तक आणि एक वार्ताहर

मे १९२०. लंडनच्या 'द टाइम्स'ने एका पुस्तिकेची गंभीर दखल घेतली : 'प्रोटोकॉल्स'. ज्यू पुढारी जग ताब्यात घेण्याचा गुप्त कट रचत असल्याचे हे म्हणे इतिवृत्त. रशियातील एका वृत्तपत्रात ते १९०३ साली प्रथम छापले गेले होते. हे खरे आहे काय, असा प्रश्न 'टाइम्स'ने विचारला खरा. पण संशयाला प्रतिष्ठा मिळायची ती मिळालीच.

पुढच्या वर्षी त्याच पत्राचा कॉन्स्टँटिनोपल येथील वार्ताहर फिलिप ग्रेव्हज याला एका रशियन निर्वासिताकडून शीर्षकपान नसलेले जुने फ्रेंच पुस्तक मिळाले. ते होते मॉरिस जोलीचे, १८६४ चे. त्यात नरकात मॅकियाव्हेली आणि मॉंतेस्क्यू वाद घालतात. रोख तिसऱ्या नेपोलियनवर. ज्यूंच्या कटाचा त्यात मागमूसही नाही! ग्रेव्हजने दोन्हींतले उतारे शेजारी-शेजारी मांडले. चोरी कोणत्याही वाचकाला स्वतः ताडून पाहता येत होती. ऑगस्ट १९२१ मध्ये 'टाइम्स'ने हे लेख छापले, म्हणजे आपणच वाढवलेला संशय आपणच खोडला.

कटकथेला मात्र खंडनाचे भय नसते. 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग' हे दैनिक 'प्रोटोकॉल्स' बनावट असल्याचे सांगते, हाच ते अस्सल असल्याचा उत्तम पुरावा, असा युक्तिवाद हिटलरने 'माइन काम्फ'मध्ये केला. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या साप्ताहिकाने याच मजकुराच्या आधारे लेखमाला चालवली. फोर्डने १९२७ मध्ये जाहीर माफी मागितली. त्या लेखांची जर्मन पुस्तके त्यानंतरही छापली जात राहिली. 'प्रोटोकॉल्स'च्या पीडीएफ आजही फिरत आहेत.