‘किंगडा का’ : विक्रमी रोलर कोस्टरची अखेर

अमेरिकेच्या न्यूजर्सी राज्यातील जॅक्सन येथे ‘सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर’ हे मनोरंजन उद्यान आहे. तेथे २१ मे २००५ रोजी ‘किंगडा का’ हा पोलादी रोलर कोस्टर सुरू झाला. १३९ मीटर उंची आणि ताशी २०६ किलोमीटर वेग यांमुळे तो जगातील सर्वांत उंच व वेगवान रोलर कोस्टर ठरला. वेगाचा विक्रम २०१० मध्ये अबुधाबीच्या ‘फॉर्म्युला रोसा’ने मोडला, उंचीचा विक्रम मात्र तो बंद होईपर्यंत अबाधित राहिला.

नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये साखळी गाडीला संथपणे चढावर नेते. ‘किंगडा का’मध्ये मात्र द्रवदाबावर चालणारी यंत्रणा १८ आसनांची गाडी सपाट रुळावरून पोलादी दोराने खेचीत असे आणि साडेतीन सेकंदांत तिला पूर्ण वेग देत असे. पुढे केवळ त्या वेगाच्या बळावर गाडी सरळ उभी चढून शिखर ओलांडी व गिरकी घेत खाली येई.

हा हिशेब काटेकोर होता. घर्षण आणि हवेचा विरोध मुळीच नसता, तर त्या वेगाने गाडी सुमारे १६७ मीटर उंच गेली असती. प्रत्यक्षात जोर किंचित कमी पडला किंवा वारा विरुद्ध असला, तर ती शिखराअलीकडूनच मागे घसरे. अभियंत्यांनी ही शक्यता गृहीत धरली होती. गाडी सुटताच रुळांमधील चुंबकीय ब्रेक वर येत व परतणारी गाडी सुरक्षितपणे थांबवीत.

ज्या यंत्रणेने विक्रम दिला, तिनेच वारंवार विश्रांतीही घ्यायला लावली. उद्‌घाटनानंतर काही आठवड्यांतच, जून २००५ मध्ये, ती बिघडली आणि ऑगस्टपर्यंत गाडी बंद राहिली. मे २००९ मध्ये वीज कोसळल्याने पुन्हा काही महिने खंड पडला. ‘इंटामिन’ कंपनीनेच ओहायोतील सीडर पॉइंट उद्यानात २००३ साली उभारलेल्या याच धर्तीच्या ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ची द्रवदाब यंत्रणा पुढे काढून टाकण्यात आली, २०२४ मध्ये तो चुंबकीय मोटारींवर नव्या रूपात सुरू झाला.

‘किंगडा का’ला ही संधी मिळाली नाही. नव्या आकर्षणासाठी जागा हवी, असे कारण देत व्यवस्थापनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायमचा बंद केल्याचे जाहीर केले. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी स्फोटके लावून मनोरा पाडण्यात आला. वीस वर्षांची ओळख काही क्षणांत जमीनदोस्त झाली.