वेळापत्रकातली उसंत

सात वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक लाल वेष्टनाचे जाडसर पुस्तक मिळाले. १९८४ सालचे कुक कंपनीचे युरोपच्या रेल्वेचे वेळापत्रक. किंमत वजनावर ठरली. घरी आल्यावर सौ.ने विचारले, "अहो, चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या वेळा घेऊन काय करणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी व्यवसायाने हिशेबनीस. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, पण आकड्यांचे रकाने दिसले की मी रमतो, एवढेच खरे.

त्या पुस्तकाचा उपयोग गेल्या वर्षी झाला. आमच्या लग्नाला तीस वर्षे होत होती. मुलगी म्हणाली, "बाबा, आता तरी आईला घेऊन युरोप बघून या. घोळक्याबरोबर नको, तुमचे तुम्ही, रेल्वेने." मी उत्साहाने कागद आखला. चौदा दिवस, नऊ शहरे. कोणती गाडी किती वाजता, कुठे बदलायची, सारे रकान्यांत बसवले. सौ.ने कागद शांतपणे वाचला आणि एवढेच म्हणाली, "सगळं छान आहे. पण यात आपण बसायचं कधी?"

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. अनेक शहरांचा पण निवांत असा परदेश प्रवास ही कल्पना आली कुठून? ती शक्य व्हायला काय काय जुळून यावे लागले? आणि त्यातले आपल्या वाट्याला किती येते? त्या शोधातून हा लेख झाला.

सुरुवात इंग्लंडमध्ये करावी लागते. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या सुतारकाम केलेल्या दारूबंदी प्रचारकाने लेस्टरहून लाफबरोला सुमारे पाचशे माणसे रेल्वेने नेली. भाडे माणशी एक शिलिंग, अंतर जेमतेम बारा मैल, निमित्त दारूबंदीच्या सभेचे. त्यातून धंदा उभा राहिला. १८५५ मध्ये कुक युरोपच्या मुख्य भूमीवर सहल घेऊन गेला आणि १८६३ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला.

या १८६३ च्या सहलीत जेमायमा मॉरेल नावाची यॉर्कशरची एक तरुणी होती. तिने रोजनिशी लिहिली. ती पुढे हरवली, दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि सहलीला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६३ मध्ये, छापली गेली. त्या काळी स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात रेल्वे फारशी नव्हती. ही मंडळी पहाटे उठत, घोडागाडी, खेचर, आगबोट आणि मुख्यतः स्वतःचे पाय यांच्या भरवशावर जात. शामोनी, गेमी खिंड, इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, ल्युसर्न, मग रिगी पर्वतावरचा सूर्योदय, असा तीन आठवड्यांचा कार्यक्रम. बायका पायघोळ झग्यात खिंडी चढल्या. हे वाचल्यावर मला माझा नऊ शहरांचा कागद आठवला. "पैसे भरलेत तर सगळे पाहून घ्या" ही घाई आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी शोधलेली नाही. संघटित सहलीचा जन्मच तिच्यासह झाला.

मात्र त्याच कुकने निवांतपणाचीही सोय केली. १८६८ मध्ये त्याने हॉटेलची कुपने आणली. प्रवाशाने लंडनमध्येच पैसे भरायचे आणि परगावी हॉटेलात कूपन द्यायचे. रात्री गाडीतून उतरल्यावर भाड्याची घासाघीस नाही. पुढे १८७४ च्या सुमारास त्याच्या 'सर्क्युलर नोट' सुरू झाल्या. हा आपल्या हुंडीचाच भाईबंद: कागद न्यावा आणि तिथल्या चलनात पैसे घ्यावेत. आणि मार्च १८७३ मध्ये निघाले ते युरोपचे वेळापत्रक. त्याआधी १८४७ पासून ब्रॅडशॉचे युरोपीय वेळापत्रक होतेच, पण कुकचे अधिक टिकले. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला तर ते ऑगस्ट २०१३ पर्यंत कंपनीने चालवले. नंतर जुन्या संपादक मंडळींनीच ते स्वतंत्रपणे पुन्हा सुरू केले. मूळ ब्रिटिश कंपनी २०१९ मध्ये बुडाली, वेळापत्रक मात्र राहिले.

आता वेळापत्रक छापायचे तर आधी 'वेळ' एक हवी. ही अडचण आज आपल्या लक्षातही येत नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनी जिथे भेटतात तिथे बोडनझे नावाचे सरोवर आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या काठावर पाच वेळा चालत: बाडेनची, व्युर्टेंबर्गची, बव्हेरियाची, स्वित्झर्लंडची आणि ऑस्ट्रियाची. आगबोटीने पलीकडे गेलेल्या माणसाला गाडी मिळेल की चुकेल हे घड्याळ कोणाचे यावर ठरे. १८९१ ते १८९४ या काळात ऑस्ट्रियाची रेल्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंड एकामागून एक मध्य युरोपीय वेळेवर आले आणि हा घोळ मिटला. मुंबईकरांना हे नवे वाटू नये. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटे मागे असणारी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली होती.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या जुळणीची. आपल्या हद्दीत वेळेवर पोचलेली गाडी पुढच्या देशाची गाडी सुटून गेल्यावर पोचली तर उपयोग काय? १८७२ पासून युरोपातल्या रेल्वे कंपन्यांचे प्रतिनिधी वेळापत्रक परिषदेत बसून गाड्या जुळवू लागले. रुळांची रुंदी बहुतेक देशांत १४३५ मिलिमीटर होती, हे भाग्यच. स्पेन आणि रशिया यांनी निराळी रुंदी धरली आणि तिथे प्रवाशाला सीमेवर गाडी बदलावी लागे.

या सगळ्याचे दिमाखदार फळ म्हणजे ओरिएंट एक्स्प्रेस. बेल्जियन बँकरचा मुलगा जॉर्ज नागेलमाकर्स अमेरिकेत पुलमनचे शयनयान पाहून आला आणि त्याने १८७२ मध्ये शयनयानांची कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्याची गाडी पॅरिसहून निघाली: स्ट्रासबर्ग, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट. पुढे डॅन्यूब नावेने ओलांडायची, दुसऱ्या गाडीने वार्नाला जायचे आणि तिथून आगबोटीने कॉन्स्टँटिनोपल. रुळांवरून सलग प्रवास १८८९ मध्ये शक्य झाला. प्रवासी रात्री झोपला असताना डबा देश ओलांडू लागला. त्याच १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या होत्या. समुद्र ओलांडल्याबद्दल आपल्या समाजात काय बोलले जात होते हे वाचकांना सांगायला नको. कोणाचा प्रवास निवांत आणि कोणाचा धाडसाचा, हे केवळ रुळांवर ठरत नाही.

हे सीमेच्या बाबतीत तर फारच खरे आहे. १८६० नंतर पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी पासपोर्ट मागणे सोडून दिले होते. रशिया आणि तुर्की साम्राज्य हे ठळक अपवाद. खिशात पैसे असलेला माणूस पॅरिसहून व्हिएन्नाला कोणताही कागद न दाखवता जाई, आवडले तर राही, कंटाळला तर निघे. १९१४ च्या युद्धाने हे संपवले. युद्धापुरती म्हणून आलेली तपासणी कायमची झाली. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला जी परिषद भरवली तिचे नाव बोलके आहे: पासपोर्ट, जकात तपासणी आणि थेट तिकिटे यांविषयीची परिषद. एकाच देशाच्या हद्दीत संपणारे तिकीट आणि सीमेवरचा शिपाई हे एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत, हे तिथल्या मंडळींनी ओळखले होते. परिषदेने पासपोर्टचा एकच नमुना सुचवला, पण पासपोर्ट गेला नाही. आपल्याकडेही त्याच वर्षी, १९२० मध्ये, भारतीय पासपोर्ट कायदा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने गमावलेले हळूहळू परत मिळवले. १९५९ मध्ये युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी १३ देशांचा 'युरेल पास' निघाला. १९७२ मध्ये एकवीस वर्षांपर्यंतच्या युरोपीय मुलांसाठी २१ देशांचा 'इंटररेल पास' आला. एक पास खिशात आणि वाटेल त्या गाडीत बसा. १४ जून १९८५ रोजी मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी शेंगेन करारावर सह्या केल्या, २६ मार्च १९९५ पासून सीमेवरची तपासणी उठू लागली आणि आज २९ देश त्यात आहेत.

या साऱ्या काळात आपण कुठे होतो? पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि मराठी घरांनी युरोप आधी तिथेच पाहिला. प्रत्यक्ष जायचे तर परकीय चलन मिळत नसे. विमानात चढताना आठ डॉलर जवळ होते, अशी आठवण त्या पिढीतले अनेक जण सांगतात. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे पैशाचे कुलूप उघडून जेमतेम वीस वर्षे झाली. आपला माणूस पंधरा दिवसांत दहा देश का 'करतो', याचे उत्तर मला इथे दिसते. तीन पिढ्या बंद असलेल्या दारातून आत शिरलेला माणूस सावकाश कसा चालेल? त्याला हसण्यात अर्थ नाही. १८६३ ची जेमायमाही धावतच होती.

परंतु एक कुलूप अजून आहे. शेंगेन व्हिसासाठी आपल्याला प्रवासाचा क्रम, मुक्कामाची ठिकाणे आणि किमान ३० हजार युरोचा विमा आधी दाखवावा लागतो. अर्ज ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे, मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिले पाऊल ठेवणार त्याच्याकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा "आवडले तर राहू" हे १९१३ च्या प्रवाशाचे सुख आपल्याला पूर्णपणे मिळत नाही. आपल्याला उसंतही आधी कागदावर लिहून द्यावी लागते.

ती कशी लिहावी हे मला स्विस रेल्वेने शिकवले. १९८२ मध्ये त्यांनी सगळ्या देशात ठरावीक अंतराने, साधारणतः दर तासाला गाडी, असे वेळापत्रक आणले. १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून पुढची योजना मंजूर केली आणि ती डिसेंबर २००४ मध्ये अमलात आली. सूत्र साधे आहे. गाडी शक्य तितकी वेगवान नको, गरजेपुरती वेगवान हवी. झुरिक ते बर्न एका तासाच्या किंचित आत आणले, म्हणजे दोन्ही ठिकाणी सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला भेटतात. त्याहून वेगात जाऊन फलाटावर ताटकळण्यात काय मिळवले? एक गाडी चुकली तर पुढची आहे, ही खात्री म्हणजेच उसंत. ती आळसातून येत नाही. कोणीतरी कारकुनाने आधी रात्र जागून रकाने जुळवलेले असतात.

मोटारीचा विचारही आम्ही केला. १९०९ च्या पॅरिस करारापासून मोटारींसाठी आंतरराष्ट्रीय परवान्याची व्यवस्था आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारात भारतही सामील आहे आणि आपल्या आरटीओत वर्षभराचा परवाना मिळतो. खेडोपाडी हिंडायचे तर मोटारीसारखे सुख नाही. पण एका देशात घेतलेली मोटार दुसऱ्या देशात सोडली तर जादा आकार पडतो, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वेगवेगळा पथकर भरावा लागतो आणि इटलीच्या अनेक जुन्या शहरांत गावाबाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो. शहरे पाहायची तर रेल्वे, असे आम्ही ठरवले.

मग मी नवा कागद घेतला. चौदा दिवस, तीनच शहरे. व्हिएन्नात पाच रात्री, साल्झबर्गला चार, उरलेल्या ल्युसर्नला. व्हिएन्ना ते साल्झबर्ग सुमारे अडीच तास. साल्झबर्ग ते झुरिक साधारण साडेपाच तास, १८८४ मध्ये खुल्या झालेल्या आर्लबर्ग बोगद्यातून, पुढे ल्युसर्न तासाभरावर. गाडी दहाच्या पुढची, म्हणजे सकाळचा चहा घाईत नको. हॉटेले स्टेशनपासून चालत जाण्याजोगी, कारण सौ.चे गुडघे दुखतात. या मार्गावर जागा राखून ठेवणे सक्तीचे नाही. फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना ते करावेच लागते, हाही विचार मनात होता. प्रत्येक मुक्कामात एक दिवस मी कोरा ठेवला.

तो कोरा रकाना पाहून सौ.ने विचारले, "इथे काय लिहायचं राहिलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "इथे बसायचं."

ती हसली आणि कागद माझ्या हातातून घेऊन तिने तो त्या लाल पुस्तकात ठेवला. व्हिसाचा अर्ज मी येत्या जानेवारीत भरणार आहे.